मास्तरची शेवटची सही

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पॅड आहे. कागद अडकवून लिहायची फळी. वरच्या कडेला माझा लोखंडी चिमटा आहे, पण त्याची स्प्रिंग आता म्हाताऱ्याच्या दातांसारखी झाली आहे. धरते, पण घट्ट धरत नाही. एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. एका मोठ्या विद्यापीठाच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, मी भिंतीला टेकून उभा आहे.

तुम्ही म्हणाल, पॅडची कसली आली आहे गोष्ट? तेही खरंच. मी कुणाला काही शिकवलं नाही. मी फक्त हातांखाली राहिलो. पण पंचवीस-तीस वर्षं हातांखाली राहिलं की हात ओळखू येतात. त्यातला एक हात असा होता की त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय वाळवीच्या तोंडी जायला माझं मन तयार नाही.

माझा जन्म विद्यापीठाच्याच सुतारखान्यातला. त्याआधी मी एका कपाटाचं दार होतो. कपाट मोडीत निघालं आणि दार सुतारासमोर येऊन पडलं. तो सुतार तोंडाचा फटकळ होता, पण त्याच्या हातात कसब होतं. त्याने मला कापलं, रंध्याने तासलं, काचकागदाने घासघासून गुळगुळीत केलं आणि शेवटी चक्क स्वतःच्या गालावर फिरवून पाहिलं. मला न्यायला आलेला शिपाई हसायला लागला.

"फळीने दाढी करतोस का रे?"

"हसू नकोस. चारशे पोरांच्या हातातून रोज जायचाय हा. एकालाही कुसळ टोचलं तर शिव्या मला बसतील, तुला नाही."

तो शिपाई म्हणजेच आपले मामा. पोरं त्यांना मामा म्हणायची म्हणून मीही मामाच म्हणतो. त्या दिवशी त्यांनी मला काखेत मारलं, ते थेट निवृत्त होईपर्यंत.

मला ज्या वर्गात नेलं तो वर्ग कसला, सभागृहच होतं. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले बाक, चारशे जागा, आणि अगदी खाली टेबलाशी माईक घेऊन उभे असलेले सर. मागच्या बाकावरून सर अंगठ्याएवढे दिसायचे. सरांना तरी पोरं कुठे दिसत होती? सकाळी चारशे, दुपारी दुसरी चारशे, आणि वर्ष संपलं की सगळीच नवी. नावं पुकारून हजेरी घ्यायची तर तास नावांतच संपला असता. म्हणून नावांचे छापील कागद माझ्या चिमट्यात लावायचे आणि मला पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला सोडून द्यायचं. तिथून मी हातोहात सरकत, बाकामागून बाक चढत, तास संपायच्या सुमाराला वरच्या दाराशी पोचायचो. तिथे मामा उभे असत. एकदा सर माईकवरूनच म्हणाले, "हा पॅड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो." सगळं सभागृह हसलं. मला मात्र फार बरं वाटलं. माझ्या आयुष्यात झालेलं कौतुक म्हणायचं तर तेवढंच.

आणि सर काही खोटं बोलले नव्हते. विद्यार्थ्याचं आयुष्य कसं असतं ते मी पोरांच्या हातांवरून शिकलो. पहिल्या महिन्यात सही कशी असते? लांबलचक, पूर्ण नावाची, खाली ऐटदार रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. जणू राजाचा हुकूम. सहा महिन्यांत टिंबं जातात. वर्षभरात रेघ जाते. तिसऱ्या वर्षापर्यंत नावाचा नुसता ओरखडा उरतो. मधल्या काळात त्या हातांनी काय काय केलेलं असतं! पहाटे आंघोळीसाठी बादली घेऊन रांग, मग जेवणाची रांग, मग ग्रंथालयातल्या एकुलत्या एका पुस्तकासाठी रांग. अर्जाच्या खिडकीपुढे अर्धा दिवस उभं राहावं, आणि खिडकीतून आवाज यावा, "ही रांग तुमची नाही, पलीकडे जा." वीस हजार पोरं एका आवारात, आणि तरी एकटेपणा पोत्याने भरून ठेवावा एवढा. एकदा एका मुलीने मला मांडीवर घेऊन, हजेरीच्या कागदाखाली दुसरा कागद सरकवून, घरी पत्र लिहिलं. "मी इथे मजेत आहे," असं ती लिहीत होती आणि माझ्यावर टपटप पाणी पडत होतं. त्याचा डाग अजून माझ्या अंगावर आहे.

त्या विद्यापीठात हजेरीचे दोन नियम होते. नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. पहिला नियम पोरांना पाठ होता. शंभरातले पंचाहत्तर तास भरले नाहीत तर परीक्षेला बसता येणार नाही. दुसऱ्या नियमाकडे कुणी फारसं बघत नसे. लागोपाठ सात तास कुणी आलं नाही, की कार्यालयातल्या कारकूनबाई त्याच दिवशी घरी पत्र टाकायच्या आणि हॉस्टेलच्या रेक्टरना चिठ्ठी पाठवायच्या. रेक्टर जाऊन त्याच्या खोलीचं दार वाजवायचे. पोरं त्या पत्राला 'वॉरंट' म्हणायची आणि बाईंच्या नावाने बोटं मोडायची. पण त्याच वॉरंटामुळे एक मुलगी वाचली होती. खोलीत तापाने फणफणत पडलेली. रेक्टरबाईंनी दार उघडायला लावलं, तिसऱ्या दिवशी भाऊ येऊन तिला घेऊन गेला. बाई ही गोष्ट कुणाला सांगत नसत. त्या फक्त रोज माझ्यावरचे कागद मोजून बघत आणि पत्रं टाकत.

फोन तेव्हा खिशात नसायचा. हॉस्टेलच्या जिन्याखाली एक होता, तो बहुतेक वेळा बंदच.

आता पोरांची रीत सांगतो. पहिल्या आठवड्यातच मोठी मुलं नव्यांना सांगायची, "बाकी काही मिळालं नाही तरी चालेल, एक सहीभाऊ शोध." मुलींमध्ये सहीबहीण. सहीभाऊ म्हणजे असा दोस्त, जो आपण नसताना आपली सही करील आणि आपण त्याची करू. दोघे शेजारी बसायचे, वहीच्या शेवटच्या पानावर एकमेकांची सही गिरवायचे, शंभर-शंभर वेळा. एकदा जमली की मैत्री पक्की. पकडलं गेलं तर वर्ष रद्द, अशी पाटी फलकावर कायमची लागलेली होती. पण चारशे सह्यांत कोण कुणाला पकडणार? मला मात्र कळायचं. कागदाला फसवता येतं, लाकडाला नाही. प्रत्येक हाताचा भार वेगळा असतो. पण मला कुठे बोलता येत होतं?

त्या वर्षी शेवटून दुसऱ्या बाकावर दोघे बसायचे. एक ताडमाड उंच, त्याला सगळे 'शिडी' म्हणत. तो गावातच बहिणीकडे राहायचा, तोंडाने बडबड्या, मनाने लोण्याचा गोळा. दुसरा हॉस्टेलवर, एकट्याच्या खोलीत. शिंप्याचा मुलगा. शांत. त्याला सगळे 'मास्तर' म्हणत. ते नाव त्याला कसं पडलं, तेही सांगतो.

मामांना अक्षरओळख नव्हती. पगारपत्रकावर ते अंगठा उठवायचे आणि दिवसभर शाईने निळा झालेला तो अंगठा मुठीत लपवायचे. एकदा मला मागच्या दाराशी घेताना तो निळा अंगठा या मुलाला दिसला. दुसऱ्या दिवशी दोन तासांच्या मधल्या वेळात त्याने मामांना बाकावर बसवलं, माझ्या चिमट्यात कोरा कागद लावला आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"अरे, आता या वयात? केस बघ माझे."

"केसांनी लिहायचंय का मामा? हाताने लिहायचंय."

महिनाभर हे चाललं. मामांचा हात माझ्यावर असा दाबून पडायचा, जणू नांगर धरला आहे. मास्तरचा हात मात्र हलका, पाखरू बसावं तसा. मामा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लगेच रेघ ओढायचे. मास्तर त्यांना थांबवायचा.

"आधी सगळी अक्षरं, मामा. वरची रेघ शेवटी, एका दमात. भिंती झाल्याशिवाय छप्पर कोण घालतं?"

तो स्वतःही तसंच लिहायचा. सही झाली की शेवटी डावीकडून उजवीकडे एकच सलग रेघ. मामांनी ज्या दिवशी पगारपत्रकावर सही केली, त्या दिवशी मागच्या बाकांनी टाळ्या वाजवल्या. शिडी ओरडला, "मास्तर, तुमचा विद्यार्थी पास!" तेव्हापासून तो मास्तर झाला. मग पोरं गणितं घेऊन त्याच्याकडे यायला लागली. स्वतःचं सोडून तो सगळ्यांची सोडवून द्यायचा.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या परीक्षेचा निकाल एका शनिवारी फलकावर लागला. मास्तरने ज्यांना शिकवलं ते सगळे पास झाले होते आणि मास्तर एका पेपरात नापास. सोमवारी मी बाक चढत गेलो तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मास्तरच नापास! आता शाळा कोण चालवणार?" पुष्कळजण हसले. हसण्यात विष नव्हतं. विष नसलं तरी लागायचं ते लागतंच. त्या दिवशी मास्तरची सही इतकी हलकी झाली की मला जेमतेम कळली. त्याचा हात गरम होता. तापाने की लाजेने, ते मला ओळखता आलं नाही.

"दोन दिवस जरा पडून राहतो," तो शिडीला म्हणाला. "डोकं जड झालंय."

"बिनधास्त पड. सहीची काळजी करू नकोस. मी आहे ना!"

मंगळवारी शिडीने पहिल्यांदा स्वतःची सही केली आणि मग मास्तरची. चांगली केली. पण भार त्याचा होता.

दोन दिवसांचे चार झाले. शिडी एकदा हॉस्टेलवर जाऊन आला. खोलीला कुलूप होतं. "घरी गेला असेल," तो शेजारच्या पोराला सांगताना मी ऐकलं. "बरंच झालं, आईच्या हातचं जेवेल. परत येईल तेव्हा हजेरी भरलेली मिळेल. बघ कसा खूश होतो." उशिरा येणाऱ्यासाठी घरातलं माणूस ताट झाकून ठेवतं ना, तसा तो रोज मास्तरची सही करून ठेवत होता. मित्रांनो, यात वाईट हेतू शोधू नका. मी त्याचा हात जवळून पाहिला आहे. त्यात माया होती.

त्या वर्गाचा सोमवार ते शुक्रवार रोज एकच तास असायचा; दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी सात तास झाले. बाईंनी कागद मोजले. कुणातरी तिघांची पत्रं निघाली. मास्तरचं नाही निघालं. मास्तर हजर होता.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मामांनी मला दाराशी घेतलं आणि ते जागीच थांबले. मामा आता वाचायचे, पण नव्याने शिकलेल्या माणसासारखे, एकेका अक्षरावर बोट ठेवून. ज्याने आपल्याला शिकवलं त्याचं नाव तर ते रोज शोधून बघायचे, देवळात डोकावावं तसं. तोवर नावापुढे सही दिसली की त्यांना पुरत असे; त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं बोट सहीवर थबकलं. वरची रेघ तुटक होती, अक्षरागणिक वेगळी. भिंतींवर छप्पर नव्हतं, नुसते पत्र्याचे तुकडे.

त्यांनी शिडीला जिन्यात गाठलं.

"मास्तर दिसला नाही बरेच दिवस?"

शिडीच्या डोळ्यांपुढे फलकावरची ती 'वर्ष रद्द'ची पाटी उभी राहिली असावी. तो म्हणाला, "आहे की मामा. पुढे बसतो हल्ली. चष्मा लागलाय."

"बरं, बरं."

मामांचं मन मात्र मानेना. ते मला घेऊन कार्यालयात गेले.

"बाई, ही सही त्या पोराची वाटत नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मामा, तुम्हाला स्वतःची सही यायला लागून वर्ष नाही झालं, आणि लोकांच्या तपासायला लागलात? उद्या माझ्या खुर्चीत बसाल."

बाजूचे दोघे-तिघे हसले. बाई वाईट नव्हत्या, त्यांच्यापुढे कागदांचा डोंगर होता. त्यांनी सरळ रकाना दाखवला. "सगळे तास भरलेत. याच्याहून हजर माणूस कसा असतो, सांगा बरं."

मामांनी मला उचलून काखेत घेतलं. आपण कालचे शिकलेले, आपल्याला काय कळतंय, असं त्यांना वाटलं. हॉस्टेल आवाराच्या दुसऱ्या टोकाला होतं, पायी अर्ध्या तासावर. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत राहून गेलं. ते पुढे किती महाग पडणार होतं, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

सहा आठवडे झाले. त्या सोमवारी सकाळी, तास सुरू व्हायच्या आधी, कार्यालयात एक माणूस आणि त्याची बायको येऊन बसली. माणसाच्या कॉलरला सुई टोचलेली होती, काढायची विसरून गेलेला. मास्तरचे वडील. बाजूला आई. दोन पत्रांना उत्तर नाही म्हणून ते हॉस्टेलवर गेले होते. कुलूप तोडून बघितलं तर आत धूळ. सोबत एक हवालदार आला होता. मामांनी मला टेबलावर ठेवलं. बाईंनी शुक्रवारचा कागद माझ्या चिमट्यात लावून दाखवला.

"हे बघा. शुक्रवारपर्यंत रोज हजर आहे."

वडिलांनी इतक्या जोरात श्वास सोडला की कागद हलला. "म्हणजे तीनच दिवस झाले. अगं, तीनच दिवस. असेल इथेच कुठेतरी."

हवालदाराने वहीत लिहिलं, 'शुक्रवारपासून बेपत्ता.' मग त्याने विचारलं, त्याच्या जवळचं कोण? मामा जाऊन शिडीला घेऊन आले. तो दारातून वाकून आत आला. उंचीमुळे त्याला वाकावंच लागायचं, पण त्या दिवशी तो आत आल्यावरही सरळ झाला नाही.

"तू त्याला शेवटचं कधी बघितलंस?"

शिडीची नजर बाईंवर गेली. मग माझ्यावर.

"शुक्रवारीच. तासाला."

मामांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आईने हात पुढे केला आणि मला मांडीवर घेतलं. तिने बोटाने नावं शोधत शोधत खाली येऊन ती सही गाठली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. बाळाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

"अक्षर बिघडलंय त्याचं," ती वडिलांना म्हणाली. "झोपत नसणार पोरगा. हा कागद आम्हाला द्याल का हो? तो सापडेपर्यंत?"

शिडी मटकन खाली बसला. ताडमाड उंच पोरगा, पण जमिनीवर इतका लहान दिसला.

"काकू, ती त्याची नाही. ती माझी आहे."

"म्हणजे?"

"सही मी केलीये. रोज मीच करतोय. तो कधीपासून येत नाही."

"कधीपासून?" हवालदार ओरडला. "कधीपासून, ते सांग!"

शिडीला नीट आठवेना. त्याने याआधीही अधूनमधून मास्तरची सही केली होती. तो बोटं मोजू लागला, परत परत चुकू लागला. वडील उठून त्याच्या अंगावर धावले. आईने त्यांचा सदरा धरून ठेवला. तिचा आवाज चढला नाही. तिने एवढंच विचारलं, "मग त्याची खरी शेवटची कोणती?"

बाईंनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. कागद हातातून सुटले. मामा पुढे झाले. त्यांनी एकेक कागद माझ्यावर ठेवला आणि बोटाने चाचपत मागे मागे जाऊ लागले. शुक्रवार, गुरुवार, बुधवार. एक आठवडा, दोन आठवडे. "ही नाही. ही नाही. हीही नाही." एकोणतीस कागद उलटले. तिसाव्यावर त्यांचं बोट थांबलं. एवढी पुसट सही, पण वरून एकच सलग रेघ.

"ही," मामा म्हणाले. "हिला छप्पर आहे. ही माझ्या मास्तरची."

आईने त्या सहीला हात लावला नाही. तिने नुसतं बघितलं. हवालदाराने वहीतली ओळ खोडली आणि तीन दिवसांच्या जागी सहा आठवडे लिहिले.

खरा दिवस मिळाल्यावर शोधायला चार दिवसही लागले नाहीत. मास्तर मंगळवारी सकाळीच घरी जायला निघाला होता. वाटेत बसमध्ये ताप वाढून बेशुद्ध पडला. कंडक्टरने एका छोट्या गावातल्या सरकारी दवाखान्यात उतरवलं. पिशवी बसमध्येच राहिली. ताप मेंदूत गेला होता. त्याला नाव सांगता येत नव्हतं. वहीत नोंद झाली, 'अनोळखी तरुण.' तिथल्या नर्सने वडिलांना सांगितलं, "कुणीतरी शोधत येईल म्हणून आम्ही त्याची खाट मुद्दाम दाराजवळ ठेवली होती. घरचं माणूस असतं तर मोठ्या दवाखान्यात हलवलं असतं. बेवारशाला कोण हलवतं?"

तो अठरा दिवस जगला.

हे मामांनी येऊन बाईंना सांगितलं तेव्हा मी टेबलावरच होतो. बाईंनी पंचांग बघावं तशी भिंतीवरची तारीख बघितली आणि ओठातल्या ओठात मोजलं. नवव्या दिवशी त्यांचं पत्र निघालं असतं. बाराव्या दिवशी घरी पोचलं असतं. मामांनीही मोजलं. ज्या सोमवारी ते सही घेऊन या टेबलापाशी आले होते, तो चौदावा दिवस होता. दोघेही एकमेकांकडे बघेनात. मी आणखी एक हिशोब केला, तो कुणालाच माहीत नाही. अठरावा दिवस शुक्रवार होता. मास्तरने डोळे मिटले त्या शुक्रवारी माझ्यावर त्याची सही झाली होती. सरावाने शिडीचा हात तोवर चांगला बसला होता. सगळ्या खोट्या सह्यांत ती सर्वांत सुबक होती.

शिडीचं वर्ष रद्द झालं. त्याने अर्ज केला नाही, विनवणी केली नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच बाकावर येऊन बसला. शेजारची जागा त्याने कुणाला दिली नाही. एकदा एक नवा पोरगा त्याला म्हणाला, "दादा, माझा सहीभाऊ होशील?"

"नाही," शिडी म्हणाला. "तुझा दोस्त आला नाही ना, तर त्याची सही करू नकोस. जाऊन दार वाजव. कुलूप असलं तरी परत येऊ नकोस, कुणाला तरी विचार." मग तो शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बसला; मी त्याच्यासमोरच पडून राहिलो आणि मागच्यांनी हाका मारायला सुरुवात केली.

पुढे बरीच वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. दाराशी एक यंत्र आलं. त्यावर अंगठा ठेवायचा की हजेरी लागते. मामा हसून म्हणाले, "घ्या! आयुष्यभर अंगठा लपवला, आणि आता शिकलीसवरलेली पोरं अंगठा दाखवतायत." यंत्राला फसवता येत नाही म्हणतात. असेल. पण यंत्र तरी कुठे विचारतं, काल का आला नाहीस म्हणून?

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली. सगळं आटोपल्यावर मामा एकटेच त्या रिकाम्या सभागृहात वर चढत आले आणि शेवटून दुसऱ्या बाकावर बसले. माझ्या चिमट्यात त्यांनी कोरा कागद लावला. दाबून दाबून, नांगर धरल्यासारखं, त्यांनी मास्तरचं पूर्ण नाव लिहिलं. नावापुढे आणखी एक शब्द लिहिला. मग डावीकडून उजवीकडे एका दमात वरची रेघ ओढली. त्यानंतर त्यांनी मला अडगळीच्या खोलीत आणून ठेवलं, माझ्यावरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि ते गेले.

मित्रांनो, मला इथून बाहेर काढा, रंगवा, जपा, असं मी म्हणणार नाही. लाकडाचं काय, आज आहे, उद्या चुलीत. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या शेजारची जागा रिकामी झाली तर ती रिकामी दिसू द्या. मायेनेसुद्धा ती झाकू नका. कुणीतरी बघेल, कुणीतरी विचारेल, कुणीतरी दार वाजवेल. झाकून ठेवलेलं ताट उशिरा येणाऱ्याच्या कामी येतं. पण जो वाटेतच पडला आहे, त्याला ते ताट पोचत नाही.

तो कागद अजून माझ्या चिमट्यात आहे. स्प्रिंग सैल झाली तरी तेवढा मी सोडलेला नाही. शाई उडत चालली आहे, नाव आता नीट वाचता येत नाही. वरची रेघ मात्र सलग आहे, आणि तिच्याखाली मामांनी लिहिलेला तो शेवटचा शब्द, जो आम्ही सगळ्यांनी वेळेवर लिहायला हवा होता: गैरहजर.